शिट्टी कोणाच्या हाती?

जबलपूरला कामानिमित्त गेलेला मराठी माणूस भेडाघाट पाहिल्याशिवाय परतत नाही. आम्हीही गेलो. सोबत रेल्वेतले काही सहकारी होते, टपाल खात्यातले दोघे होते आणि ट्रॅकवर उमेद घालवून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ स्नेही होते. धुवाँधारचे तुषार अंगावर घेतले, संगमरवरी कड्यांमधून नावेत फिरून आलो आणि घाटाच्या पायऱ्यांवर चहा घेत बसलो. समोर गावातली पोरे उंच खडकावरून नर्मदेत उड्या मारीत होती. प्रवाशाने फेकलेले नाणे पाण्यात बुडायच्या आत झेलायचे, हा त्यांचा रोजचा खेळ आणि रोजची कमाई. आमच्यातला एकजण सहज म्हणाला, "या पोरांना कुणीतरी नीट शिकवले तर पोहण्यात नाव काढतील." त्यावर निवृत्त स्नेही हसले. म्हणाले, "पोरे नाव काढतील हो. पण उद्या त्यांच्यातला एखादा दुसऱ्यांना शिकवायला उभा राहिला, तर त्याच्या हातात शिट्टी कोण देईल?"

मग त्यांनी स्वतःची हकिगत सांगितली. तरुणपणी ते आपल्या विभागाच्या फुटबॉल संघात मधल्या फळीत खेळत. खेळाडू म्हणून भरती झाली नव्हती. गँगमध्ये लागले आणि खेळ बघून संघात घेतले गेले. बारा वर्षे खेळले. गुडघा गेल्यावर त्यांना वाटले, आता पोरांना शिकवावे. संघातली नवी मुले त्यांच्याकडेच शिकायला येत. प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली तेव्हा ना सूचनाफलकावर कागद लागला, ना कुणाला विचारले गेले. एके सकाळी मैदानावर एक नवे गृहस्थ शिट्टी घेऊन हजर झाले. ते चांगल्या घरचे होते, इंग्रजी उत्तम बोलत आणि साहेबांच्या बैठकीतले होते. फुटबॉल कधीकाळी कॉलेजात खेळलेले. आमचे स्नेही त्यानंतरही आठ वर्षे चेंडू, जाळ्या आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळीत राहिले. "मला नाकारले असते तर वाईट वाटले नसते," ते म्हणाले. "माझा विचारच झाला नाही, ते लागले."

हे वाक्य आम्ही जबलपूरहून सोबत घेऊन आलो. आजचा लेख त्यावरच आहे.

हा कामगारांचा प्रश्न आहे

काही वाचक म्हणतील, महागाई भत्ता, नवी भरती, खाजगीकरण, निवृत्तिवेतन असे डोंगराएवढे प्रश्न उभे असताना संघटनेच्या पानावर फुटबॉलच्या प्रशिक्षकाची चर्चा कशाला? आमचे उत्तर साधे आहे. रेल्वे हा या देशातला खेळाडूंचा मोठा मालक आहे. १९२८ सालापासून रेल्वेत खेळांसाठी स्वतंत्र मध्यवर्ती संघटना आहे. संतोष करंडक रेल्वेच्या संघाने साठच्या दशकात तीनदा जिंकला. भारताचे कर्णधारपद भूषविणारे पी. के. बॅनर्जी हे पूर्व रेल्वेचे नोकर. केंद्र सरकारच्या खात्यांत, टपाल खात्यातही, खेळाडूंच्या भरतीची तरतूद आहे. म्हणजे हजारो कामगारांच्या घरची चूल खेळामुळे पेटली आहे.

पण खेळाडूचे वय फार थोडे असते. तिशी-पस्तिशीत पाय थकतात. पुढची पंचवीस वर्षे त्याने काय करायचे? ज्याच्या हातात शिट्टी येते त्याला ड्युटीतून मोकळीक मिळते, प्रवास मिळतो, मान मिळतो, बढतीच्या वेळी चार चांगले शब्द मिळतात आणि निवृत्तीनंतर एखाद्या शाळेत किंवा क्लबात पोटापाण्याची सोय होते. ज्याच्या हातात ती येत नाही तो पुन्हा गँगमध्ये, पार्सल ऑफिसात किंवा सॉर्टिंगच्या टेबलावर जातो. तेव्हा प्रशिक्षकाची निवड ही बढतीचीच गोष्ट आहे. आणि बढती कोणत्या नियमाने होते, हे विचारणे हे संघटनेचे पहिले काम आहे.

त्यात एक ग्यानबाची मेख आहे. नोकरीत राखीव जागा आहेत, बिंदुनामावली आहे, ज्येष्ठतेची यादी आहे. परंतु प्रशिक्षक हे अनेक ठिकाणी मंजूर पद नसतेच. एखाद्या कर्मचाऱ्याला मोकळीक देऊन किंवा बाहेरच्या माणसाला मानधनावर बोलावून ते काम सोपविले जाते. जिथे पद नाही तिथे बिंदुनामावली पोहोचत नाही. जिथे जाहिरात नाही तिथे अर्ज नाही, आणि जिथे अर्ज नाही तिथे अन्यायाची नोंदही नाही. कागदावर सगळे स्वच्छ दिसते.

पळवणकर बंधूंचा धडा

हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. उलट जगातल्या फार थोड्या समाजांनी तो आमच्याइतका लवकर पाहिला असेल. पळवणकर बाळू यांचे नाव आज किती तरुण कामगारांना ठाऊक आहे? १८७६ साली धारवाडला चांभार कुटुंबात जन्मलेला हा मुलगा पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरवायच्या कामाला होता. महिन्याला चार रुपये पगार. ग्रेग नावाच्या इंग्रज फलंदाजाला सराव देता देता तो स्वतः डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून तयार झाला. त्याचा हात बघून पुण्याच्या हिंदू संघाला त्याला घ्यावे लागले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावीत; चहाच्या वेळी मात्र बाळूला तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे.

पुढे बाळू मुंबईला आले. बी.बी.सी.आय. रेल्वेच्या नोकरीत राहिले आणि तिच्या संघातून खेळले. म्हणजे ते आपलेच, रेल्वेचे कामगार. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ वारंवार हरत होता, पण एकट्या बाळूंनी त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले.

इतके होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. गोलंदाजी करायला बाळू चालत होते, हुकूम द्यायला नाही. याची लाज सगळ्यांनाच नव्हती असे नाही. १९१३ साली कर्णधार झालेले म. दा. पै यांनी स्वतःच्या सत्काराला उत्तर देताना, हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून बाळूंना मिळायला हवा होता, असे उघडपणे सांगितले. एका माणसाचा प्रामाणिकपणा मोठा, पण तेवढ्याने समितीचे मन बदलले नाही.

ते कधी बदलले? १९२० साली. पुण्याच्या चौरंगी सामन्यांसाठी बाळूंना संघातूनच वगळले गेले. पै आजारी पडले, तेव्हा नेतृत्व बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे न देता पुण्याचे तरुण खेळाडू दि. ब. देवधर यांच्याकडे दिले गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघात खेळायला नकार दिला आणि त्याची कारणे जाहीर पत्रकाने लोकांपुढे मांडली. आपल्या भाषेत बोलायचे तर त्यांनी काम बंद केले. वर्तमानपत्रांत चर्चा झाली, लोकमत ढवळले. अंतिम सामन्यासाठी भाऊ परत आले, बाळूंना उपकर्णधार केले गेले आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा थोडा काळ का होईना पण संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. १९२३ साली विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांच्या संघाने त्याच वर्षी चौरंगी स्पर्धा जिंकली आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले.

या हकिगतीतून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, बाळूंचे कर्तृत्व कुणी नाकारत नव्हते. टाळ्या, पदके, मानपत्रे सगळे मिळत होते. अधिकार तेवढा मिळत नव्हता. दुसरी, दार उघडले ते उपकाराने नव्हे. दोन भाऊ एकत्र उभे राहिले आणि आपल्याशिवाय संघ चालत नाही हे त्यांनी दाखवून दिले, तेव्हा उघडले.

आणि हे केवळ मैदानावरचे नव्हते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. हे विधान सर्वांना माहीत असते. पण त्याच भाषणात त्यांनी मांडलेला तपशील आम्हाला अधिक बोचतो. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून जन्म काढतो, त्याला पोर्टरसुद्धा करीत नाहीत, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरचे काम करून घेतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही. कारखान्यातही त्याला कारागिराच्या जागेवर येऊ देत नाहीत. काम येते की नाही, हा प्रश्नच कुणी विचारला नव्हता. भेडाघाटच्या पायऱ्यांवर बसलेले आमचे स्नेहीही गँगमनच होते.

परदेशात काय चालले आहे

गोऱ्यांच्या देशात हाच प्रश्न चामडीच्या रंगावरून उभा आहे. इंग्लंडच्या वरच्या पातळीवरच्या फुटबॉलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. पण मुख्य प्रशिक्षकांत कृष्णवर्णीय शोधायला गेले तर हाताची बोटे पुरतात. १९६० साली टोनी कॉलिन्स रॉचडेल या छोट्या क्लबाचे प्रशिक्षक झाले; फुटबॉल लीगमधले ते पहिले कृष्णवर्णीय. दोनच वर्षांत त्यांनी तो क्लब लीग चषकाच्या अंतिम फेरीत नेला. असे असूनही प्रीमिअर लीगला पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक मिळायला १९९६ साल उजाडले. ते रूड गुलिट. पुढच्याच वर्षी त्यांच्या चेल्सीने एफ.ए. चषक जिंकला. म्हणजे संधी मिळाली तेव्हा काम करून दाखविले, पण ती संधी पुढच्यासाठी वाट झाली नाही.

अमेरिकेत त्यांच्याकडचा फुटबॉल वेगळा आहे, पण रोग तोच. तिथे २००२ साली टोनी डंजी आणि डेनिस ग्रीन या दोन कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना, हाती चांगली कामगिरी असताना, काढून टाकले गेले. वकिलांनी आकडे काढून दाखविले, कोर्टात जाण्याची भाषा झाली. तेव्हा लीगने २००३ पासून नियम केला, की मुख्य प्रशिक्षक नेमण्यापूर्वी निदान एका अल्पसंख्य वंशाच्या उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे. पिट्सबर्गच्या संघाचे मालक डॅन रूनी त्या समितीचे प्रमुख होते, म्हणून तो रूनी नियम. हा नियम कुणालाही नेमा असे सांगत नाही, विचार करा एवढेच सांगतो. ज्याला आमचे स्नेही मुकले तेच. त्याच वर्षी डेट्रॉईट संघाच्या अध्यक्षांनी मुलाखत न घेता नेमणूक केली, तेव्हा त्यांना दोन लाख डॉलर दंड झाला. २००७ साली त्या लीगच्या अंतिम सामन्यात दोन्ही संघांचे प्रशिक्षक कृष्णवर्णीय होते, आणि जिंकले ते पूर्वी काढून टाकलेले डंजीच.

पण पळवाटा काढणारे सगळीकडे सारखेच. २००२ नंतर वीस वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, ब्रायन फ्लोरेस या कृष्णवर्णीय प्रशिक्षकाने लीगविरुद्ध दावा लावला. आपल्याला मुलाखतीला बोलावले त्याच्या आधीच ती जागा दुसऱ्याला देऊन झाली होती, मुलाखत हे निव्वळ नाटक होते, असा त्याचा आरोप आहे. आपल्या खात्यांत मुलाखतीला बसलेल्या कुणाही कामगाराला हे समजावून सांगायची गरज नाही! इंग्लंडमध्येही २०२० साली क्लबांसाठी आचारसंहिता आली. पुरुषांच्या व्यावसायिक क्लबांत प्रशिक्षकांच्या नव्या नेमणुकांपैकी पंचवीस टक्के कृष्णवर्णीय, आशियाई वा मिश्रवंशीय असावेत, असे लक्ष्य ठेवले गेले. सही करणे मात्र क्लबांच्या खुशीवर होते. खुशीवर सोडलेल्या गोष्टींचे काय होते, हे आपण बोनसपासून बदलीपर्यंत सगळीकडे पाहिलेले आहे.

आपल्या फुटबॉलचे काय

आपल्या देशाच्या फुटबॉलचा सुवर्णकाळ घडविला तो सय्यद अब्दुल रहीम या हैदराबादच्या शाळामास्तरांनी. १९५१ आणि १९६२ या दोन आशियाई स्पर्धांतली सुवर्णपदके त्यांच्या हाताखाली आली. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. १९६३ साली रहीम गेले. त्यानंतर केव्हातरी आपल्या मनाने घेतले, की शिकवायला बाहेरचाच माणूस हवा.

पुरुषांच्या राष्ट्रीय संघाला २०१२ साली गोव्याचे साव्हियो मेडेरा यांच्यानंतर तेरा वर्षे कायमचा भारतीय मुख्य प्रशिक्षक मिळाला नाही. इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली. तिथे कायमस्वरूपी नेमलेला पहिला भारतीय मुख्य प्रशिक्षक २०२१ साली दिसला. ते खालिद जमील. मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या या माणसाने २०१७ साली मिझोरमच्या ऐजॉल या छोट्या संघाला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये तेच भारताचे प्रशिक्षक झाले. त्या वेळी एकशे सत्तर अर्ज आले होते. त्यातून तीन नावे काढणाऱ्या तांत्रिक समितीचे अध्यक्ष होते आय. एम. विजयन; लहानपणी त्रिचूरच्या मैदानात सोडा विकणारे आणि पुढे केरळ पोलिसांच्या संघातून देशभर गाजलेले. अर्ज मागविले, समिती बसली, नावे जाहीर झाली. एवढी साधी गोष्ट झाली आणि तेरा वर्षांची अडलेली वाट मोकळी झाली.

परदेशी माणसाविषयी आमच्या मनात आकस नाही. विद्या कुठूनही घ्यावी. पण माप एकच असावे. इगोर स्टिमाच यांच्या हाताखाली आपण जानेवारी २०२४ मध्ये आशियाई चषकाचे तिन्ही सामने एकही गोल न करता हरलो. तेव्हा लोक म्हणाले, स्टिमाच अपयशी ठरले. जमील यांच्या संघाने सुरुवातीला मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला नमवून तिसरे स्थान मिळविले, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये सिंगापूरकडून हरल्यावर आशियाई चषकाची पात्रता हुकली. तेव्हा लगेच कुजबुज सुरू झाली, की भारतीय प्रशिक्षकांना हे झेपत नाही. एकजण हरला तर तो एकटा हरतो, दुसरा हरला तर त्याची सगळी जमात हरते. गँगमधून वर आलेल्या माणसाच्या हातून एक चूक झाली की "या लोकांना" असा शब्द लगेच बाहेर पडतो, तो हाच न्याय.

आणखी एक गोष्ट. आज मणिपूर आणि मिझोरमची मुले देशाचा फुटबॉल खांद्यावर वाहतात. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार होते ते डॉ. तालिमेरेन आओ, नागा समाजाचे. तरीही आमच्या शहरांत ईशान्येच्या पोरांना चेहऱ्यावरून टोमणे ऐकावे लागतात, आणि मोठ्या संघांच्या मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीत त्यांच्यातला माणूस अपवादानेच दिसतो. स्त्रियांचेही तेच. क्रिकेटमध्ये पूर्णिमा राव यांना २०१७ च्या विश्वचषकाला थोडे दिवस उरले असताना दूर करून पुरुष प्रशिक्षक आणला गेला. मुलींना शिकवायला पुरुष चालतो, हे सर्वांना पटते. मुलांना शिकवायला बाई चालेल का, हा प्रश्नही कुणाच्या मनात येत नाही.

शिवाय परवान्याची भिंत आहे. मोठ्या संघाचा प्रशिक्षक व्हायचे तर पायरीपायरीने परवाने काढावे लागतात. त्याची फी, प्रवास आणि आठवडेच्या आठवडे रजा हे ट्रॅकमनच्या किंवा पोस्टमनच्या खिशाला झेपणारे नाही. परीक्षा इंग्रजीत. ज्याला वडिलांच्या पैशावर किंवा साहेबांच्या मर्जीने हे करता येते तो पात्र ठरतो, बाकीचे अपात्र. मग कुणीतरी निष्पाप चेहऱ्याने म्हणतो, अर्जच आले नाहीत.

गुणवत्तेचे काय?

हा आक्षेप येणारच, म्हणून त्याचे उत्तर आत्ताच देतो. गुणवत्ता हवीच. खेळाडूच्या आयुष्याची वर्षे मोजकी असतात, ती नालायक माणसाच्या हाती द्यावीत असे कोणता कामगार म्हणेल? पण गुणवत्ता मोजायची कशी? आजवर ती ओळखीने, बोलण्याच्या ढबीने आणि नावापुढच्या बिरुदांनी मोजली गेली. अमोल मुझुमदार यांचे उदाहरण घ्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये अकरा हजारांवर धावा काढूनही या मुंबईकराला भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. स्वतः देशाकडून न खेळलेला माणूस देशाच्या संघाला काय शिकवणार, असे म्हणणारे होते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक हेच मुझुमदार होते. महिलांच्या फुटबॉल संघाने जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच भूमीवर हरवून आशियाई चषकात धडक मारली. प्रशिक्षक होते क्रिस्पिन छेत्री, आपल्याच देशातले. गुणवत्ता कमी नाही. तिला बघणारे डोळे कमी आहेत. म्हणूनच आम्ही कुणाच्या नावाची शिफारस करीत नाही. बघण्याची रीत बदला म्हणतो.

आपल्या घरातही डोकावू

दुसऱ्याकडे बोट दाखविताना आपल्याकडेही बघावे. आपल्या शाखांचे पदाधिकारी कोण असतात? सभेला सतरंज्या कोण घालतो आणि व्यासपीठावर कोण बसतो? टपालातल्या ग्रामीण डाकसेवकाला, ठेकेदाराकडच्या सफाई कामगाराला, महिला ट्रॅकमेंटेनरला आपण किती वेळा सचिवपदासाठी विचारले? रेल्वेच्या खेळसंघटनेकडे ज्या तोंडाने आम्ही न्याय मागणार, त्याच तोंडाने हेही कबूल केले पाहिजे. पळवणकर बंधूंना डावलणारे त्यांचे शत्रू नव्हते. एकाच संघातले सहकारीच होते.

आमच्या मागण्या

या विषयावर शाखांनी ठराव करावेत आणि विभागीय पातळीवर बोलणी करावीत अशा मागण्या आम्ही मांडतो.

एक, प्रशिक्षक, सहप्रशिक्षक, संघव्यवस्थापक आणि निवड समितीचा सदस्य या प्रत्येक जागेची सूचना प्रत्येक डेपोत, स्टेशनवर, कारखान्यात आणि टपाल कार्यालयात हिंदी-इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेत लावावी. अर्जाला निदान एक महिन्याची मुदत असावी.

दोन, पात्रतेच्या अटी आधी लिहून जाहीर कराव्यात. संघाकडून खेळलेली वर्षे आणि घडविलेले खेळाडू यांना गुण असावेत. इंग्रजी संभाषणाला गुण नसावेत.

तीन, अर्ज करणाऱ्या पात्र उमेदवारांपैकी अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, अल्पसंख्य आणि महिला उमेदवारांची मुलाखत झालीच पाहिजे. मुलाखत घेणाऱ्या मंडळात कामगारांचा एक प्रतिनिधी, एक महिला आणि एक माजी खेळाडू असावा.

चार, नेमणुकीची आणि नकाराची कारणे लेखी द्यावीत. दरवर्षी कोणत्या समाजघटकातल्या किती जणांनी अर्ज केले, किती जणांच्या मुलाखती झाल्या आणि किती जण नेमले गेले, हे आकडे जाहीर करावेत. आकडे बाहेर आले की नाटकी मुलाखती लपत नाहीत.

पाच, परवान्याच्या शिक्षणाची फी कल्याण निधीतून द्यावी आणि त्या काळाची पगारी रजा मंजूर करावी. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या खेळाडूंना यात प्राधान्य असावे.

सहा, नेमलेल्या प्रशिक्षकाला ठराविक मुदत मिळावी आणि संघनिवडीत त्याचा शब्द चालावा.

त्रिपुरीची आठवण

ही सहावी मागणी शेवटी का, ते सांगतो. जबलपूरहून भेडाघाटला जाताना वाटेत तेवर गाव लागते. तेच जुने त्रिपुरी. मार्च १९३९ मध्ये तिथे काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. सुभाषचंद्र बोस १५८० विरुद्ध १३७७ मतांनी अध्यक्ष निवडून आले होते. रीतसर मतदान, स्वच्छ निकाल. पण त्यांना साथ द्यायची नाही, असे वजनदार मंडळींनी ठरविले. कार्यकारिणी आपल्या मताने नेमण्याचा अधिकारच ठरावाने बांधला गेला आणि एप्रिलअखेर सुभाषबाबूंना राजीनामा द्यावा लागला. त्या वादात कुणाचे राजकारण बरोबर होते, त्यात आज आम्ही शिरत नाही. आम्हाला एवढेच घ्यायचे आहे, की खुर्ची देऊन हात बांधता येतात. उद्या आमच्या एखाद्या गँगमनला प्रशिक्षक करतील, चेंडू देणार नाहीत, खेळाडू सोडणार नाहीत आणि एका मोसमात म्हणतील, बघा, जमले नाही. म्हणून नेमणूक मिळाली की लढा संपला, असे कुणी समजू नये.

मुंबईकडून आलेली जी.आय.पी. आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे १८७० साली जबलपुरात एकमेकींना मिळाल्या आणि या देशाची दोन टोके रुळांनी जोडली गेली. तो मार्ग ज्यांनी खडी फोडून घातला त्यांची नावे कुठल्याही पाटीवर नाहीत. संध्याकाळी परतताना आमचे स्नेही मागे वळून त्या पोरांकडे बघत होते. त्यांतला एक थोडा मोठा मुलगा पाण्याबाहेर उभा राहून धाकट्याला उडी कशी घ्यायची, पाय कसे जुळवायचे, ते हातवारे करून दाखवीत होता. स्नेही थांबले, दोन बोटे तोंडात घालून त्यांनी जोरात शिट्टी मारली आणि त्या मुलाला हाताने खूण केली: शाबास, असेच शिकव.

त्यांच्या वाट्याला शिट्टी आली नाही. त्यांच्यामागून येणाऱ्यांच्या वाट्याला ती यावी, यासाठी येत्या शाखासभेत हा विषय ठरावाच्या रूपाने मांडा, एवढीच सर्व रेल्वे आणि टपाल कामगार बंधू-भगिनींना आमची विनंती आहे.